सात नंबरची वाटी

४ फेब्रुवारी, मंगळवार

सात नंबर. आमचाच सात नंबर! दादाच्या फाइलमधलं स्टिकर मी चार वेळा वाचलं. चारही वेळा तेच.

आज त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा खुबा बदलला होता — उखळीचा सांधा झिजला म्हणून हाडात धातूची वाटी बसवली. अडीच वर्षं सुखाची गेली. गेले चार महिने पुन्हा लंगडतोय. बसून उठताना भिंत धरतो, आणि कुणी बघितलं तर भिंतीवरची पाल शोधत असल्याचा आव आणतो.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. वाटीच्या मागे काळी चंद्रकोर. काळं म्हणजे तिथं हाड नाही. वाटी सैल झालीय, मागचं हाड खाल्लं गेलंय, ती काढून दुसरी बसवावी लागेल, म्हणाले. दादाने एवढंच विचारलं — अंथरुणात किती दिवस?

मग त्यांनी जुनी फाइल मागितली. वहिनीने पिशवीतून काढली, मी पानं उलटली. मागच्या ऑपरेशनच्या कागदावर वाटीचं स्टिकर. विकायचं नाव भलतंच, पण खाली बारीक अक्षरात पृष्ठभागाचा क्रमांक. तो क्रमांक आमच्या प्रयोगशाळेने दिलेला आहे. त्या पृष्ठभागाची तपासणी चार वर्षांपूर्वी मी केली. अहवालाच्या शेवटच्या पानावर माझी सही. ‘हाड खाणाऱ्या पेशी या पृष्ठभागावर ठाण मांडत नाहीत.’ वाक्यसुद्धा माझंच.

परत येताना वहिनीने विचारलं, चेहरा का उतरलाय. ऊन लागलं म्हटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

कुणाला बोलले नाही. हात काम करत होते, डोकं करत नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकदा स्वतःलाच नीट मांडून दाखवते. म्हणजे कुठे चुकले ते दिसेल.

हाड ही मेलेली वस्तू नाही. एका बाजूने पेशी ते रचतात, दुसऱ्या बाजूने खातात. रचणाऱ्यांना आम्ही गवंडी म्हणतो आणि खाणाऱ्यांना खादाड. वीस वर्षं मी खादाडांचीच चाकरी केली. लहान पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी खादाड तयार होते. तिच्या तळाला शेकडो बारीक खुंट्या असतात. त्या सतत खालीवर होतात, खालची जमीन चाचपडतात. जमीन पसंत पडली तर सगळ्या खुंट्या गोळा होऊन एक कडं तयार होतं. भांड्यावर घट्ट झाकण बसावं तसं ते कडं बसतं आणि त्याच्या आत आम्ल सुटतं. हाड विरघळतं.

सगळा खेळ त्या कड्याचा. ते टिकलं तर खाणं, मोडलं तर उपास. आणि ते टिकणं-मोडणं जमिनीच्या पोतावर ठरतं — इतक्या बारीक पोतावर की केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढा. तेवढ्या खळग्यांची नक्षी आम्ही धातूवर कोरली. एक ते नऊ नंबर. सात नंबरवर कडं जमेना. धातू काही खादाड खात नाहीत, पण धातूवर बसून मोठ्या होतात आणि शेजारचं हाड पोखरतात. बसूच दिलं नाही तर? एवढी साधी कल्पना. तीन दिवसांचा प्रयोग, सुंदर आकडे, माझी सही.

आणि दादाच्या वाटीमागे काळी चंद्रकोर.

कपाटात सात नंबरच्या चौदा चकत्या उरल्या होत्या. मोजपट्टीला म्हटलं, पुन्हा लावायच्या. मोजपट्टी म्हणजे आमचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ. डब्यातल्या काकडीचे कापही सारखे नसले तर तो अस्वस्थ होतो. का, असं त्याने विचारलं नाही. चार चकत्या निर्जंतुक करायला घेतल्या आणि सोबत चार गुळगुळीतही घेतल्या, तुलनेला.

१० फेब्रुवारी, सोमवार

दादाकडे गेले. सांगायचं ठरवून गेले, हवापाण्याच्या गप्पा मारून आले.

खूप वाळलाय. वहिनी म्हणाली, ताट अर्धं परत येतं. दुखणंच तसं आहे, मी म्हटलं. दुखत असलं की कुणाला जेवण जातं?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस पुरे झाले. मायक्रोस्कोपखाली एकेका पेशीचं चित्रण केलं. गुळगुळीत चकतीवर कडी जमली, काही तासभरही टिकली. सात नंबरवर खुंट्या चाचपडतात, गोळा होतात, कडं अर्धं वळतं — आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला विरतं. चारही चकत्यांवर. चार वर्षांपूर्वी दिसलं होतं हुबेहूब तसंच.

म्हणजे मी खोटं लिहिलं नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग त्या चंद्रकोरीतलं हाड कुणी खाल्लं?

मोजपट्टी आकडे वहीत उतरवत होता. वर न बघता म्हणाला, “मॅडम, निर्दोष सुटल्यावर माणूस इतका नाराज होत नाही.”

मग त्याला सगळं सांगितलं. त्याने पेन बंद केलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगून टाकलं.

दादा चाळीस वर्षं कारखान्यात होता, लेथवर टर्नर. शेवटची पंधरा वर्षं तपासणीच्या टेबलावर. यंत्राने पास केलेला दागिना, म्हणजे घडवलेला भाग, हा अंगठ्याने नापास करायचा आणि बहुतेक वेळा अंगठाच खरा निघायचा. पर्समध्ये दोन चकत्या नेल्या होत्या — एक गुळगुळीत, एक सात नंबर. दिसायला दोन्ही आरसा. त्याच्या हातात दिल्या, फरक कळतो का बघ म्हटलं.

त्याने डोळे मिटले. अंगठा ठेवला, हलकेच ओढला. “बोट ठेवून काही कळत नसतं चिमे,” म्हणाला, “फिरवावं लागतं.” पन्नाशीला आले तरी चिमीच मी. मग सात नंबर माझ्यापुढे केली. हिला जरा ओढ आहे, म्हणाला. पाठीमागे हात नेऊन चकत्या बदलून दिल्या. पुन्हा ओळखली. तिसऱ्यांदाही! बोटाला एवढे बारीक खळगे कळत नाहीत हे मला माहीत आहे. पण सरकताना काहीतरी अडतं, ते त्याला कळलं. खुंट्याही तेच करतात. चाचपडतात, ओढून बघतात. क्षणभर मी सगळं विसरून खूश झाले.

मग त्याने विचारलं, ही कशाची आहे?

“तुझ्या खुब्यात हीच आहे, दादा. मी तपासली होती. मीच चांगली म्हणून सही केली.”

मी बोलत सुटले — तीन दिवस, आकडे, अहवाल, क्रमांक. तो थांबवेना. सगळं संपल्यावर म्हणाला, “तपासली होतीस ना?”

“तीन दिवस.”

“मग तीन दिवसांपुरतं खरं होतं.” चकती हातात उलटी केली. “आणि नवी तपासलीस. वापरलेली तपासलीस का? नवा माल सगळाच चांगला असतो. घासल्यावर बघायचं असतं.”

नव्हती तपासली. वाटी हाडात ठोकून बसवतात, हाडावर घासते, तीन वर्षं पावलागणिक दाब सोसते. आणि मी डब्यातून काढलेल्या स्वच्छ चकतीवर पेशी सोडून सही केली!

मग त्याने त्याचं एक सांगितलं, जे मला आजवर माहीत नव्हतं. तरुणपणी त्याने स्वतःच्या लेथवरचा एक दांडा पास केला होता. आत बारीक चीर होती. दांडा तुटला, शेजारच्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं गेली. कुणी दादाला जबाबदार धरलं नाही. तो स्वतः त्या माणसाच्या घरी जाऊन सांगून आला. “त्याने दार लावून घेतलं,” दादा म्हणाला. “लावू दे. आपण सांगायचं.”

वहिनी दारात उभी होती. कधीपासून कोण जाणे. मी निघाले तर बोट दाखवून म्हणाली, “तुमची पर्स राहिली.”

सत्तावीस वर्षांत तिने मला कधी ‘तुमची’ म्हटलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सहा चकत्या जनावराच्या हाडाच्या तुकड्यावर घासल्या. तीन तशाच ठेवल्या. चौदातली एक दादाकडेच राहिली, त्याने खिशात टाकली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चकत्यांवर पेशी सोडल्या. या वेळी तीन दिवस नाही, अकरा.

मग सरांच्या खोलीत गेले. सर आमचे प्रमुख, सात नंबर त्यांच्या डोक्यातून निघालेला. चिडतील वाटलं होतं. शांतपणे ऐकलं. म्हणाले, वाट्या सैल व्हायला शंभर कारणं असतात. एका रोग्यावरून पृष्ठभागाला दोषी धरता येत नाही. आणि तो रोगी तुमचा भाऊ असेल तर तुम्ही तर नाहीच.

“म्हणजे मी गप्प बसू?”

“नाही. प्रयोग करा. पण मोजणी दुसऱ्याला करू द्या. कुठली चकती कुठली, ते त्याला कळू देऊ नका.” दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, “आत्ता तुम्हाला तुमचा दोष हवाय. हवं ते दिसतं माणसाला.”

राग आला. कारण बरोबर होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑपरेशनची तारीख मिळाली, ११ मार्च. दादा फोनवर म्हणाला, रात्रीही ठणकतं हल्ली, पडून राहिलं तरी. वहिनीने फोन घेतला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पेशींना ताजं खाद्य घातलं. नऊ चकत्या, नऊ चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांचे क्रमांक सरांच्या कपाटात बंद.

विचित्र गोष्ट आहे. मी ज्यांना खाऊ घालतेय त्यांच्याच भाऊबंदांनी दादाचं हाड खाल्लं. पण त्यांचा तरी काय दोष! त्यांना कुणी सांगितलं की जमीन चांगली आहे, तर त्या बसणार. जमीन मी पसंत केली होती.

१ मार्च, शनिवार

मोजपट्टीने मोजलं. मी खोलीबाहेर बसले. नंतर सरांनी क्रमांक उघडले.

न घासलेल्या तिन्ही — कडी मोडलेली. घासलेल्या सहापैकी तीनवर कडी जमली होती आणि टिकली होती. मोठी, गोल, घट्ट. जिथं नक्षी घासून सपाट झाली होती तिथंच, त्या पट्ट्याच्या कडेकडेने.

मला आनंद झाला. इथं लिहायला हरकत नाही — आनंद झाला! माझी चूक सापडली, चोर हाती लागला, चोर मीच. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवायला काहीतरी खरं मिळालं.

मोजपट्टी म्हणाला, सहांत तीन म्हणजे नाणं उडवल्यासारखं झालं, मॅडम. आणखी चकत्या बनवून घेऊ. मी त्याच्या अंगावर ओरडले. तो कागद उचलून निघून गेला.

३ मार्च, सोमवार

मोजपट्टीची माफी मागितली. “तुमच्या जागी मी असतो तर फुटपट्टी मोडली असती,” म्हणाला.

वाटी बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. घासलेल्या सात नंबरवर काय दिसलं, पहिल्या तपासणीत काय राहून गेलं, आणि ज्यांना ज्यांना ही वाटी बसवली त्या सगळ्यांना फोटो काढायला बोलवा. किती माणसं असतील? शेकडो? मला माहीत नाही. त्यांतला प्रत्येकजण कुणाचा तरी दादा असणार, म्हणून हात थांबला नाही.

५ मार्च, बुधवार

सरांनी पत्र वाचलं. दोन ठिकाणी ‘सिद्ध झाले’ होतं, ते खोडून ‘आढळले’ केलं. मग माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. वीस वर्षं खपून ज्यावर नाव झालं त्यावर पाणी सोडलं. नंतर चष्मा पुसत बसले, पुसतच राहिले.

पत्र गेलं.

११ मार्च, मंगळवार

ऑपरेशन झालं. चार तास.

बाहेर बाकावर वहिनी आणि मी. मध्ये एका माणसाची जागा रिकामी. आत जाताना दादाने मला जवळ बोलावलं होतं. ती वाटी मागून घे, म्हणाला, धुऊन फेकून देतील नाहीतर. वहिनीने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर बाहेर आले. वाटी हाताने ओढताच निघाली. मागचा खड्डा फोटोत दिसत होता त्याहून बराच मोठा होता, हाड भुसभुशीत झालेलं. जमेल तेवढं भरून काढून नवी बसवलीय. खड्ड्यातलं थोडं तपासायला पाठवलंय, नेहमीसारखं. दमलेले दिसले, फार बोलले नाहीत.

कागदावर सही करून वाटी घेतली. बरणीत, औषधात बुडवलेली. माझ्या मुठीएवढीही नाही.

१२ मार्च, बुधवार

दादा शुद्धीवर आहे. वहिनीने चहा दिला, माझ्याकडे न बघता. पण दिला.

१४ मार्च, शुक्रवार

वाटी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातली. सकाळपासून दुपारपर्यंत, बोटभर बोटभर करत सगळी बघितली. घासलेली जागा शोधत होते.

नाही.

नक्षी जशीच्या तशी आहे. खळगे शाबूत, काठ धारदार, काल कोरल्यासारखे. तीन वर्षं एका माणसाच्या अंगात राहून! खादाडही तुरळकच, सगळ्या वाटीवर मोजून अकरा. इतक्यांनी एवढा खड्डा कसा खणला?

एका कडेला मसुराएवढा खरवडलेला डाग सापडला. हाच, मी म्हटलं. मोजपट्टीने मोठं करून बघितलं. रेघा एका दिशेच्या, ताज्या. “हे ऑपरेशनच्या औजाराचं आहे, मॅडम.” मला मान्य नव्हतं. त्याने दहादा दाखवलं. दहाव्यांदा मान्य केलं.

दवाखान्यात गेले. दादा उशीला टेकून बसला होता. सापडलं का, विचारलं. अजून बघतेय म्हटलं. सावकाश बघ, म्हणाला, आता मला कुठं पळायचंय. वहिनी हसली आणि हसता हसता तोंडाला पदर लावला. मग बाहेर येऊन माझ्याशी बोलली, महिन्याने पहिल्यांदा. “तुझ्यावर राग काढला. कुणावर तरी काढायचा होता.”

मी म्हटलं, काढ. बरोबरच होता.

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी वहिनीला आणि मला आत बोलावलं, दार लोटलं. खड्ड्यातल्या हाडाचा अहवाल आला. त्यात मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी आहेत. मुळात गाठ तिकडे, तिथून हाडात उतरली. कण्यातही असावी. असली गाठ हाडात शिरली की खादाडांना हाका मारून बोलावते. मग त्या पोत बघत नाहीत, जमीन बघत नाहीत, खातच सुटतात. वाटीचा काही संबंध नव्हता.

पत्र मागे घेणार नाही, त्या चकत्यांवर दिसलं ते दिसलं. पण दादाचं हे नव्हतं.

मी डॉक्टरांना दोनदा विचारलं — नक्की ना? वाटीमुळे नाहीच? पृष्ठभागाची चूक असू शकत नाही का, थोडीसुद्धा? त्यांना वाटलं असेल, ही बाई सुटका मागतेय.

मी दोष मागत होते.